लायब्ररी कार्डावर म्युझियम फुकट? (बॉस्टन परिसर)

मृण्मयी_एन
सासू-सासरे पहिल्यांदाच अमेरिकेत येत आहेत. आम्ही बॉस्टनच्या पश्चिमेला एका लहान गावात राहतो. सासरे शाळेत इतिहास शिकवायचे, निवृत्त झाले तरी खोड गेलेली नाही. मॉल दाखवायला नेलं तर दहा मिनिटांत बाकडं शोधतील. पण आम्ही पाच जण. मोठ्या म्युझियमला गेलं की शंभर डॉलर सहज जातात, वर पार्किंग. ऑफिसात कळलं की लायब्ररी कार्डावर म्युझियमचे पास मिळतात. खरं का? एच-वन व्हिसावाल्यांना चालतं? साबा-साबूंचं (सासूबाई-सासरेबुवांचं) वेगळं कार्ड काढावं लागेल का?

ओटीवरची
खरं आहे. मी आमच्या गावच्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं लावायला जाते, हौस म्हणून, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू बघायला मिळतात.

कार्ड देताना व्हिसा कुणी विचारत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा विजेचं बिल, एवढ्यावर काम होतं. पाहुण्यांना कार्ड लागत नाही. एका पासावर किती माणसं हे ठरलेलं असतं, बऱ्याचदा दोन किंवा चार. पाचव्याचं तिकीट काढायची तयारी ठेव. शेजारच्या गावाच्या लायब्ररीतून पुस्तकं मिळतात म्हणून पासही मिळेल असं धरू नकोस. तो पुष्कळ ठिकाणी गावातल्यांनाच देतात.

आणि सगळे पास फुकट नसतात गं. काहींवर निम्मं तिकीट, काहींवर माणशी ठरावीक सूट. लायब्ररीच्या साइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण! मग तिकीट खिडकीशी हुज्जत. पासही दोन तऱ्हेचे. एक छापून न्यायचा किंवा फोनवर दाखवायचा, तारीख उलटली की संपला. दुसरा प्लास्टिकच्या पाकिटातला, बारकोड चिकटवलेला, पुस्तकासारखा घरी न्यायचा आणि परत आणून द्यायचा. दुसऱ्या दिवशी तो भलत्याच कुटुंबाच्या नावावर असतो, म्हणून उशीर झाला की दंड जबर.

शनिवार-रविवारचे पास बुकिंग उघडताच उडतात. साबूंना कुठे ऑफिस आहे? मधल्या वारी पाठव.

इतिहासाचे मास्तर आहेत म्हणतेस, तर मी सुरुवात बॉस्टनमधल्या ओल्ड साउथ मीटिंग हाउस आणि ओल्ड स्टेट हाउस या ऐतिहासिक इमारतींपासून करीन. तुमच्या लायब्ररीत त्यांचा पास आहे का बघ. बॉस्टन टी पार्टी, म्हणजे लोकांनी जहाजांवरचा चहा समुद्रात फेकला ती घटना, १६ डिसेंबर १७७३ ची, आणि तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. कंपनी कर्जात बुडाली होती, तिचा साठून राहिलेला माल खपावा म्हणून पार्लमेंटने त्याच वर्षी चहाचा कायदा केला आणि इथले लोक भडकले. ओल्ड साउथमध्येच त्या दिवशी हजारोंची सभा भरली होती. आणि त्याच वर्षी, ३० ऑगस्टला, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून! साबूंना ही सनावळी सांगून बघ, पुढचा तासभर तेच बोलतील. (चहा चीनचा होता हो, आसामात तेव्हा मळे कुठले.) ओल्ड स्टेट हाउसच्या संग्रहात त्या चहाची काचेची कुपी आहे. थॉमस मेलव्हिल नावाच्या माणसाच्या बुटांत अडकून घरी आलेली पत्ती, असं सांगतात. मला तिथल्या मोठमोठ्या तैलचित्रांपेक्षा ती जास्त आवडते.

बंकर हिलच्या लढाईचं म्युझियम आणि यूएसएस कॉन्स्टिट्यूशन हे १७९७ चं जहाज, दोन्हींना मुळातच तिकीट नाही, तिथे पास शोधत बसू नकोस. जहाजावर चढताना मोठ्यांचं ओळखपत्र बघतात, तेव्हा सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट बरोबर घे. बंकर हिलच्या मनोऱ्याला २९४ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. साबांचे गुडघे बघून ठरव.

सबवेकर
न्यूयॉर्कची भर घालतो. इथे 'कल्चर पास' आहे, २०१८ पासून, शहरातल्या तिन्ही लायब्ररी यंत्रणा मिळून चालवतात. कार्डधारक किमान १३ वर्षांचा हवा आणि एका संस्थेचा पास कॅलेंडर वर्षात एकदाच. त्यामुळे जानेवारीत उगाच उडवू नका, पाहुणे येणार असतील तर राखून ठेवा. १८०४ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीचं (२०२४ पासून नाव 'द न्यूयॉर्क हिस्टॉरिकल') म्युझियम चुकवू नका. टिफनीच्या रंगीत काचेच्या दिव्यांचं दालन बघून आई तिथून हलेना. यातले कित्येक दिवे क्लारा ड्रिस्कॉल आणि तिच्या हाताखालच्या काच कापणाऱ्या मुलींचं काम, आणि नाव मात्र मालकाचं.

पोटोमॅककाठी
वॉशिंग्टन डीसीला आलात तर कार्ड घरीच ठेवा. स्मिथसोनियनची म्युझियम्स सगळ्यांना फुकट. आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या म्युझियमला मात्र वेळ ठरवून पास घ्यावा लागतो, तोही फुकटच.

हिशेबी_पंत
सगळेच फुकट गेले तर लहान म्युझियमांनी खायचं काय? तुमच्यासारख्या डॉलर कमावणाऱ्यांनी तिकीट काढायला काय हरकत आहे?

ओटीवरची
पंत, फुकट तुम्हाला, लायब्ररीला नव्हे. पुष्कळ गावांत 'फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी' नावाचं मंडळ असतं, ते जुन्या पुस्तकांचा सेल भरवतं आणि त्या पैशातून म्युझियमचं वार्षिक सदस्यत्व घेतं. आमच्याकडे तळघरात तो सेल लागतो, खोकी मीच उचलते. तेव्हा मृण्मयी, पास घेतलास तर सेलला ये आणि पिशवीभर पुस्तकं ने, म्हणजे पंतांचाही हिशेब जुळेल.

मृण्मयी_एन
आजच कार्ड काढून आले, भाडेकरारावर झालं! प्लास्टिकच्या पाकिटातला पास आहे. रात्री उशीर झाला तर बाहेरच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाकला तर चालेल का?

ओटीवरची
पाकिटावर काय लिहिलंय बघ. आमच्याकडे काउंटरवर हातात द्यावा लागतो, पेटीत टाकलेला पुस्तकांच्या ढिगाऱ्याखाली जातो आणि सकाळी दहाला पुढचं कुटुंब दारात उभं असतं.