आई, मायक्रोवेव्ह बंद कर! (ऑनलाईन गेम, लॅग आणि आपण)

शेवगा
काल रात्री साडेनऊला आमटी गरम करायला ठेवली आणि आतून चिरंजीव किंचाळले, "आई, बंद कर तो मायक्रोवेव्ह! मेलो मी!" हातातला डाव टाकून धावले. पठ्ठ्या धडधाकट, मोबाईलमध्ये मेला होता. म्हणे मायक्रोवेव्ह लावला की पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारे मिलीसेकंद) 40 वरून 300 वर जातो आणि गेम अडकतो, म्हणजेच लॅग. मी म्हटलं काहीही काय. तर बापाने पण लेकाचीच बाजू घेतली. वायफायचं 2.4 गिगाहर्ट्झ आणि मायक्रोवेव्हच्या लहरी एकाच पट्ट्यात येतात, आणि आमचा राउटर नेमका ओट्यामागच्या भिंतीवर. आता आमच्याकडे जेवण मॅच संपल्यावर गरम होतं.

त्यावरून 2005 आठवलं. पुण्यात इंजिनिअरिंगला होते, कॉलेजमागे सायबर कॅफे, काउंटर स्ट्राइक 1.6 हा गोळीबाराचा गेम, डस्ट टू हा त्यातला नकाशा. अकरा मुलगे आणि मी. सगळं लॅनवर, म्हणजे कॅफेतलीच मशीन एकमेकांना जोडलेली, त्यामुळे पिंग वगैरे शब्द कानावरही नव्हता. एकदा बॉम्ब माझ्याकडे, समोर कोणी नाही, आणि अचानक सगळे जागच्या जागी स्टॅच्यू! ज्या मशीनवर सर्व्हर चालू होता तिथेच कॅफेवाल्याचा भाचा सीडी कॉपी करत बसला होता. सगळं परत हललं तेव्हा मी मेलेली. कोणी मारलं ते आजतागायत कळलेलं नाही. अकराच्या अकरा जण नाही म्हणतात.

तुमचेही अनुभव लिहा. लॅग, सर्व्हर डाउन, घरच्यांनी उपटलेली वायर, काहीही चालेल.

पिंगळा
पहिला!
राउटरवर 5 गिगाहर्ट्झचं नाव वेगळं दिसतं ना, त्याला जोडा त्याला. मायक्रोवेव्हचा त्रास जाईल. भिंतीपलीकडे रेंज कमी मिळते पण. खरा उपाय केबलच.

चकली_भाजणी
आमटी कसली होती?

शेवगा
@चकली, आयडी बघा की माझा :)

कट्ट्यावरचा बंड्या
हॉस्टेल, एज ऑफ एम्पायर्स 2 (सैन्य उभारून लढायचा गेम), आठ जण. आमच्या अण्णाचं मशीन म्हणजे डबा. 128 एमबी रॅम. त्याने हत्ती काढले की आठही जणांचा गेम रांगायला लागायचा. मला वाटायचं, त्याचं मशीन मंद तर आम्हाला का शिक्षा? नंतर कळलं. त्या गेममध्ये कुठला सैनिक कुठे उभा आहे हे कोणी कोणाला पाठवतच नाही, फक्त हुकूम जातात. 'ह्या तुकडीने तिकडे जा' एवढंच. बाकीचं गणित प्रत्येक मशीन आपलं आपण करतं. त्यामुळे फोनच्या मोडेमवरसुद्धा शेकडो तिरंदाज चालायचे. पण सगळ्यांचं गणित एका पावलावर राहायला हवं, म्हणून जो सर्वात हळू त्याच्या चालीने सगळी दिंडी. आणि गणित चुकलं की 'आउट ऑफ सिंक', दोन तासांची लढाई पाण्यात.

शेवटी वर्गणी काढून अण्णाला रॅम घेऊन दिली. पुढच्याच शनिवारी त्याने आम्हा सातही जणांना झोपवलं.

पिंगळा
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). अण्णा आता काय करतात?

कट्ट्यावरचा बंड्या
सासवडला हार्डवेअरचं दुकान. खिळे-स्क्रूवालं. रॅमवालं नाही.

निवांत_नाना
मी गेम खेळत नाही, बुद्धिबळ खेळतो. तीन मिनिटांचा डाव. परभणीत दुपारी लाईट गेली की पटावरचं घड्याळ काही थांबत नाही, समोरचा ब्राझीलचा माणूस वाट बघत बसतो आणि जिंकतो. मुलाने इन्व्हर्टर बसवला. पंखा जोडला, टीव्ही जोडला, देवघरातला दिवा जोडला. राउटर राहिला. दोन महिने मी डाव हरतोय आणि देव उजेडात.

अनामिका_ठाणे
लाईट काय, आम्हाला तर माणसं पुरेशी आहेत. पबजीचा शेवटचा सर्कल (आकसत जाणारं मैदान), आम्ही दोघी उरलेल्या, आणि आत्याचा फोन. दुसऱ्या सिमवर. त्या सिमवर कॉल उचलला की पहिल्याचा डेटा बंद पडतो माझ्या फोनमध्ये. न उचलावा तर आत्या. उचलला. "काही नाही गं, सहज केला."

आमच्या घरचा लॅग सरकारनेच मिटवला होता तसा, 2 सप्टेंबर 2020 ला. पबजीवर बंदी. आई इतकी खूश झाली की शिरा केला. पुढच्या जुलैत बीजीएमआय (पबजीचाच भारतीय अवतार) आलं, दारं परत आपटायला लागली.

चकली_भाजणी
लॉकडाऊनमध्ये आम्ही घरातले सगळे लूडो खेळायचो मोबाईलवर. नाव नाही सांगत ॲपचं. रविवारी संध्याकाळी अख्खा देश तिथेच असायचा बहुतेक. सोलापूरच्या मावशीची शेवटची सोंगटी, घरात जायला फक्त दोन हवेत, आणि गोल गोल गोल चक्र फिरायला लागलं. परत आलो तर मावशी बाहेर फेकली गेलेली आणि तिच्या जागी कॉम्प्युटर खेळतोय. तिला अजून वाटतं मी काहीतरी दाबलं. यंदा दिवाळीच्या फराळाला पण विषय निघाला.

फ्रँकफुर्टचा_भाऊ
मी नाशिकच्या भाच्यांबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळतो, मुंबईच्या सर्व्हरवर. मला इथून 140 च्या खाली पिंग कधी दिसला नाही. लोक म्हणतात चांगलं नेट घे. अरे, काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. फ्रँकफुर्ट-मुंबई सरळ रेषेत साडेसहा हजार. जाऊन येऊन 65 मिलीसेकंद तिथेच गेले, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. मी नेटवाल्याला पैसे देऊन प्रकाशाला पळवू शकत नाही.

गंमत म्हणजे शिव्या मला बसतात. "मामा, मी भिंतीमागे गेलो होतो, तरी कसं मारलंस?" बरोबरच आहे त्याचं. त्याच्या पडद्यावर तो गेला होता, माझ्या पडद्यावर अजून उभा होता. सर्व्हर घड्याळ थोडं मागे फिरवून बघतो की गोळी सुटली तेव्हा मामाला काय दिसत होतं, आणि निकाल मामाच्या बाजूने. नाहीतर लांबून खेळणाऱ्याला हलणारं माणूस मारताच येणार नाही. भाचा म्हणतो हा अन्याय आहे. ताई म्हणते दोघंही जेवायला बसा.

पिंगळा
केबलवरून आठवलं. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या होत्या, आपल्याकडे नेट रांगत होतं. माझ्या थोरल्या भावाला खात्री, आपलाच मोडेम बिघडला. त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडला. केबल जोडल्या गेल्या. मोडेम नाही.

निवांत_नाना
:)) आमच्याकडे पण एक थोरला आहे असा.

रात्रपाळी
घाईत लिहितोय. ईव्ह ऑनलाईन या अंतराळातल्या गेममध्ये जानेवारी 2014 ची ती मोठी लढाई, बी-आर5आरबी नावाच्या ठिकाणची, 21 तास चालली. मी एका फुटकळ जहाजात होतो. तिथे गर्दी झाली की सर्व्हर कोसळू देत नाहीत, गेममधला वेळच हळू करतात, अगदी 10 टक्क्यांवर. तोफेचं बटण दाबायचं, उठायचं, चहा टाकायचा, गाळायचा, परत यायचं, गोळा सुटतोय. लॅग सगळ्यांना सारखा वाटून दिला की भांडण नाही.

कट्ट्यावरचा बंड्या
आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे आपोआप होतं.

अनामिका_ठाणे
कोणीतरी सांगा. नेट 100 एमबीपीएस, स्पीड टेस्ट झकास, तरी रोज रात्री अकराला पिंग 600. दादा गेम सोडून वेडा व्हायचा बाकी आहे.

पिंगळा
@अनामिका, अकराला घरात कोणाचा फोन चार्जिंगला लागतो बघा. फोटोंचा बॅकअप सुरू होत असणार. फोटो वर चढताना राउटरमध्ये रांग लागते आणि गेमचं चिमुकलं पाकीट त्या रांगेत मागे. रेशनच्या दुकानात एक काडेपेटी घ्यायला गेलेला माणूस पोत्यावाल्यांच्या मागे उभा राहतो तसं. रस्ता रुंद असला तरी दारात रांग ती रांगच. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला आधी सोडायचं ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडला थोडा लगाम घाला.

अनामिका_ठाणे
आईचा फोन!! 14 हजार फोटो, त्यातले निम्मे गुड मॉर्निंगचे. थँक्यू, पण हे तिला सांगणार कोण.

शेवगा
अपडेट. पिंगळा, तुमचं ऐकून पंधरा मीटर केबल आणली, ती मोबाईलला जोडायचा अडॅप्टरही आणला, दारामागून नेली. सकाळी कामाच्या मावशींनी फडा मारताना सगळी गुंडाळून, नीट रबर लावून कपाटावर ठेवली. मॅच चालू होती.

चकली_भाजणी
अरे देवा. बरं ते आमटीचं प्रमाण टाका ना, चिंच की आमसूल?