मदत हवी आहे : ॲपच्या आतलं जादाचं चॅनल बंद कसं करायचं?

मंडळी, जरा मदत करा की. आमच्याकडं एका व्हिडिओ ॲपची वर्षाची मेंबरशिप आहे, तिची काय तक्रार नाही, पण त्याच्या आतच वेगळे पैसे भरून दुसरी चॅनल घेता येतात ना, तसलं एक गड्ड्याच्या (आमच्या सोलापूरची जानेवारीतली जत्रा) टायमाला पप्पांच्या हातनं चालू झालं. सात दिवस फ्री दिसलं, रिमोटवर ओके दाबलं, झालं. तेव्हापासून दर महिन्याला १४९ कटतायत आणि बघतंय कोण तर कोणीच नाही, पप्पा संध्याकाळी शेंगा फोडत बातम्याच लावतात.

पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज यायला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि येतो पण ओ, पप्पांच्या जुन्या बटणाच्या फोनवर, तिथं दोनशे मेसेज न उघडलेले पडलेत.

टीव्हीवर नुसती मेन मेंबरशिप दिसते. जुळे सोलापुरातला मित्र म्हणतो मोबाईलच्या ब्राउझरमधनं लॉगिन कर, अकाउंटमध्ये चॅनलची यादी वेगळी असते. ते आज रात्री बघतो, पण यूपीआयमध्ये ऑटोपे एकच दिसतोय, तो कॅन्सल केला तर मेन मेंबरशिप पण उडेल का? मार्चमध्येच रिन्यू केलीय म्हणून भीती वाटते. आणि आज बंद केलं तर भरलेल्या पैशाचे उरलेले दिवस चालतं का लगेच जातं?

टीव्हीवर खरेदीला पिन लावता येतो म्हणे, कुणी लावला असेल तर तेवढं सांगा, पप्पांना रिमोट द्यायचं बंद करता येत नाही.