गुजरीतली ‘अ‍ॅसिड टेस्ट’

पैशाविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार आपल्या मुलांना केवळ घोकूनच पाठ करावे लागतात, कारण त्यांतले जग परके आहे, असे एक मत आहे. ते मला पेनी-पौंडाच्या बाबतीत मान्य आहे; १९७१ पूर्वी एका पौंडाचे २४० पेन्स (म्हणजे पेनी) होत असत, हे सांगितल्याखेरीज ‘पेनी वाइज, पौंड फूलिश’मधली (चिल्लर जपायची आणि मोठी रक्कम उधळायची, ही) बोच कळत नाही. ‘अ‍ॅसिड टेस्ट’ला (म्हणजे खरेखोटे ठरवणाऱ्या निर्णायक कसोटीला) मात्र हे लागू पडत नाही. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जुना दागिना मोडायला गेलेल्यांना ठाऊक असेल, की सराफ तो काळ्या दगडावर घासतो आणि उमटलेल्या रेघेवर नायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब सोडतो. पितळेची रेघ विरून जाते, चोख सोन्याची टिकते. (हल्ली यंत्रे आली, तरी माझा भरवसा दगडावरच अधिक.) वाणिज्य शाखेत हाच शब्द पुन्हा भेटतो: चालू मालमत्तेतून (रोकड, येणी, मालसाठा अशा वर्षभरात पैशात बदलणाऱ्या मालमत्तेतून) मालसाठा वजा करून उरलेल्या रकमेला चालू देण्यांनी (वर्षभरात फेडायच्या देण्यांनी) भागले, की ‘अ‍ॅसिड टेस्ट रेशो’ निघतो. कोल्हापुरातल्याच शाहूपुरी पेठेतल्या व्यापाऱ्याचे गोदाम गुळाच्या रव्यांनी छतापर्यंत भरलेले असले, तरी विकून पैसा हाती येईपर्यंत तो गूळ या हिशेबात धरला जात नाही.