मदत हवी आहे: सेमिनारला उभं राहिलं की इंग्रजी क्रियापदच सापडत नाही

नमस्कार मंडळी,

पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव बीड जिल्ह्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी विषय पहिलीपासून होता, पण गुरुजी धडा वाचून अर्थ सांगायचे आणि आम्ही फळ्यावरची उत्तरं उतरवून घ्यायचो. इतक्या वर्षांत इंग्रजीत कुणाकडे साधं पाणी मागायचीही वेळ आली नाही.

तीन आठवड्यांनी सेमिनार आहे. दहा मिनिटं बोलायचं, मग प्रश्न. विषय रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे ब्रेक लावताना गाडीच्या वेगातली ऊर्जा वीज म्हणून परत मिळवणं. विषय मला येतो, हे आधीच सांगतो, नाहीतर 'अभ्यास वाढव' असा सल्ला येईल. दिवाळीत वडिलांना सांगितला होता. सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पायडल जड लागतं ना, तो जडपणा म्हणजे ब्रेक आणि पेटलेला दिवा म्हणजे परत मिळालेली वीज. साध्या ब्रेकमध्ये तीच ऊर्जा घासून घासून उष्णता होऊन वाया जाते. वडील म्हणाले, मग ती वीज साठवायची कशात? तासभर बोलत बसलो होतो.

हेच वर्गात सांगायला उभा राहिलो की मनात वाक्य मराठीत तयार होतं आणि मराठीत क्रियापद येतं शेवटी. इंग्रजीला ते कर्त्यापाठोपाठ हवं. 'द मोटर' म्हणतो आणि तिथेच अडकतो, हात गार पडतात. पाठ करून गेलो तर एक शब्द निसटला की पुढचं सगळं गेलं. गेल्या वर्षी 'डिटर्मिन'ला 'डिटरमाइन' म्हणालो. मागच्या बाकावरून "माइन, माइन" सुरू झालं, पंधरा दिवस तेच माझं नाव होतं.

स्पोकन इंग्लिशचा क्लास आता लावून उपयोग आहे का? मध्येच मराठीत बोललं तर मार्क कापतात का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १
क्लास लावू नकोस. तीन आठवड्यांत ते 'माय नेम इज'च्या पुढे जात नाहीत. (माझे पैसे गेलेत.)

प्रतिसाद २
अरे, मी इंजिनिअरिंगलाच शिकवते. तुझ्यासारखी मुलं दर वर्षी बघते, आणि त्यात इंग्रजी माध्यमाचीही असतात. ही भीती नवी नाही. १९८६ साली हॉर्विट्झ, हॉर्विट्झ आणि कोप या संशोधकांनी परकी भाषा शिकतानाची ही भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली. तयारी नसताना बोलावं लागलं की गाळण उडते, बाकीची मुलं हसतील असं वाटतं, ही दोन्ही विधानं त्यात आहेत. तुझं 'माइन' त्यातच बसतं.

आता कामाचं. पूर्ण भाषण पाठ करू नकोस. प्रत्येक स्लाइडचं फक्त पहिलं वाक्य तोंडी बसव, कर्ता आणि क्रियापद चिकटवूनच: 'द मोटर वर्क्स', 'द बॅटरी स्टोअर्स', 'द व्हील स्लोज'. पुढचं तोडकंमोडकं आलं तरी चालतं. आणि सुरुवात वडिलांना सांगितलेल्या डायनॅमोनेच कर: 'व्हेन द डायनॅमो टचेस द टायर, पेडलिंग गेट्स हार्डर. दॅट इज द ब्रेक.' शब्द सगळे सोपे आहेत, बघ.

मराठीचं आधीच तुझ्या सेमिनारच्या गाइडना (मार्गदर्शक सरांना) जाऊन विचार. आमच्याकडे एखादं वाक्य मराठीत गेलं तर कुणी मार्क कापत नाही, पण गप्प उभं राहिलं तर कापतात. प्रश्न कळला नाही तर 'सर, डू यू मीन...' म्हणून तोच प्रश्न परत म्हणायचा. तेवढ्यात श्वासही घेता येतो.

प्रतिसाद ३
रोज मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिले चार दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पाचव्या दिवशी चुका दिसायला लागतात. रूममेटला समोर बसव, पण हसणारा नको.

धागालेखक
सगळ्यांचे आभार. मॅडम, काल रूममेटसमोर डायनॅमोचं म्हणून बघितलं. चार मिनिटं बोललो, तीनदा अडकलो, तिन्ही वेळा 'बिकॉज'नंतर. गाइड सरांना सोमवारी भेटतो. रविवारी जुन्या बाजारात एखादा जुना डायनॅमो मिळतो का बघणार आहे. हातात वस्तू असली की हात तरी थरथरताना दिसणार नाहीत.