मदत हवी आहे: शुगर कमी झाल्यावरची ती १५ मिनिटं कशी काढता?

बाबा इन्सुलिनवर आहेत, जोडीला अकार्बोजची गोळी. हल्ली पहाटे त्यांची शुगर ७०च्या खाली जाते. घाम, हातांची थरथर, आणि चिडचिड तर विचारूच नका! १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे माहीत आहे. अकार्बोजमुळे साध्या साखरेचं पचन लांबतं, म्हणून ग्लुकोजच देतो. चॉकलेट नाहीच, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

अडचण आहे ती मधल्या १५ मिनिटांची. बाबांना धीर धरवत नाही. हाताला लागेल ते खात सुटतात आणि सकाळी मीटर ३०० दाखवतो. तुमच्या घरी असं होत असेल तर तेवढा वेळ त्यांना कसं थोपवता? ग्लुकोजच्या गोळ्या बऱ्या की पावडर? अर्धवट झोपेत पावडर मोजणं मला तरी अवघड वाटतं.

आणखी एक. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, हे पक्कं ठाऊक आहे. पण ग्लुकागॉनचं (रक्तातली साखर वाढवणारं) इंजेक्शन घरच्या घरी कुणी दिलंय का? इन्सुलिनच्या डोसबद्दल डॉक्टरांशी बोलणं चालू आहे, त्यावर सल्ला नको.