अमरवेल नुसती ओढून जात नाही

शेतवेडा: ‘अमरवेल दिसली की ओढून बांधावर टाका, बाकी काही लागत नाही’ हा सल्ला वाचला आणि राहवलं नाही. ही पिवळी वेल दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगते; ओढली तरी पिकाच्या खोडात घुसलेली तिची शोषकमुळं आतच राहतात, त्यातून पुन्हा धागे फुटतात. बांधावरचा तुकडा जवळच्या झाडाला टेकला की तिथेही ती धरते. हरभरा असो वा सोयाबीन, वेढलेली झाडं वेलीसकट उपटा, तीही फुलोऱ्याआधी, आणि जाळा.

बांधकरी: सल्ला माझाच. तुमचं ऐकलं तर अर्धं शेत उपटावं लागेल! मी सतत वेल काढत राहतो, पीक हाती येतं. तणनाशकवाल्यांच्या नादाला लागलो नाही, लागणारही नाही.

शेतवेडा: तणनाशकाचं नाव मी घेतलंच नव्हतं. पण काढलंच आहे तर सांगतो: पेंडीमेथॅलीन पेरणीनंतर, उगवणीपूर्वी मारायचं असतं. वेल पिकाला चिकटल्यावर त्याचा उपयोग नाही.

जुनी माती: वेलीवर भांडताय, पण बी आलं कुठून? शेणखतातून! गुरांच्या पोटातून ते जिवंत बाहेर पडतं. आमच्याकडे फळलेल्या वेलीचा चारा गुरांनी खाल्ला, कच्चं शेण लसूणघासात गेलं आणि सगळा घास पिवळ्या जाळ्याखाली गेला.

बांधकरी: आता शेणखतही वाईट? मग घालायचं काय जमिनीत? दर वेळी दोष शेतकऱ्याच्या उकिरड्याचाच!

जुनी माती: नीट वाचा. कच्चं म्हटलंय. ढीग आतून चांगला तापला, वरखाली केला, तर बरंचसं बी मरतं. एवढ्यावर चिडायचं कारण नाही.

बांधकरी: ढीग वरखाली करायला माणसं तुम्ही पाठवणार का?

रानवाट: दादा, भांडण उकिरड्यावरच अडकलंय. बी जमिनीत दहा वर्षांहून जास्त टिकतं. म्हणून मका-ज्वारीची फेरपालट करा. अंकुर उगवतो, पण जगायला झाड मिळत नाही, काही दिवसांत वाळतो. मात्र रुंद पानांची तणं ठेवलीत तर त्यांच्यावर जगेल. आणि बियाणं स्वच्छ घ्या, लसूणघासाचं तर नक्कीच.

बांधकरी: फेरपालट पटली. फुलोऱ्याआधी काढायची हेही ठीक. पण उभं पीक उपटा असं मी कुणाला सांगणार नाही. लागण दोन-चार झाडांवर असेल तर गोष्ट वेगळी.

शेतवेडा: दोन-चार झाडांवर असतानाच उपटायची. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.