माजी सैनिकांची घरपट्टीमाफी: सन्मान की मेहेरबानी?

रानवारा: "पगार मिळाला, पेन्शन मिळते, मग फौजींना घरपट्टी माफ कशाला?" सकाळच्या या पोस्टला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. शिपाई साधारण 17 वर्षं नोकरी करून घरी येतो तेव्हा वय असतं 36-37. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, आणि मुलं अजून शाळेत. राज्य सरकारचा कारकून 58 पर्यंत पूर्ण पगार घेतो. पलटण तरुण हवी म्हणून जवानाची कमाईची वीस वर्षं कापली जातात. ती देशाने घेतली, तर भरपाईही देशानेच करायची.

पारावरचा: पोस्ट माझीच. भरपाई द्या ना, पण दिल्लीने द्या! दिवाबत्ती, नळयोजनेची मोटर, गटारं यांना घरपट्टीचाच आधार असतो. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी फौजी. तिथे माफी दिली की वसुलीत काय उरतं?

रानवारा: माफी एकाच घराला आहे, सगळ्या मिळकतींना नाही. दाखलाही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा लागतो. आधी नियम वाचा.

कृष्णाकाठ: घरपट्टीवर भांडताय, पण खरा अपमान विधवेच्या कागदात होतो. नवरा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायला मृत्यू दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार आणि बँक खातं लागतं. पीपीओवर 'सुनंदाबाई', आधारवर 'सुनंदा', जन्मसाल वेगळं, की 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज अडतो. मग रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस गाठा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं थेट मध्य प्रदेशात सागरला. नवरा म्हातारपणी गेला असेल तर शेवटच्या पगाराच्या 30 टक्केच मिळतात, किमान 9,000 अधिक महागाई भत्ता. तेवढ्यासाठी सत्तरीची बाई हेलपाटे घालते.

पारावरचा: विषय भरकटवू नका. नोकरीत असतानाच नाव दुरुस्त करायला कोणी अडवलं होतं?

कृष्णाकाठ: हे बोलणं फार लागलं. भरती अठराव्या वर्षी, लग्न नंतर सुट्टीत. युनिटमध्ये जाऊन सांगितलं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे कुटुंबाच्या नोंदीचा आदेश, निघते, पण नाव कानावर पडेल तसं इंग्रजीत लिहिलं जातं. माहेरचं, सासरचं, लाडाचं, काहीही. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांकडे शाळेचा दाखला नाही, म्हणून जन्मतारीख अंदाजाने. चूक कळते ती नवरा गेल्यावर. दोष तिचा कसा?

मोहोर: पुढचंही बघा. 2022 च्या अग्निपथ या सैन्यभरती योजनेत चार वर्षं सेवा, पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवान कायम होणार. बाकीच्यांना सेवानिधी म्हणजे एकरकमी पैसे, पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. तुमच्या घरपट्टीच्या वादात ते बसतच नाहीत.

रानवारा: त्याचा वेगळा धागा काढा. कृष्णाकाठ, नोकरीतल्या पोरांनी काय करायचं तेवढं सांगा.

कृष्णाकाठ: लग्न झाल्यावर बायकोचं आधार समोर ठेवूनच नोंद करायची. घरी येण्याआधी डिस्चार्ज बुकातली, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवापुस्तिकेतली स्पेलिंगं अक्षर न् अक्षर ताडायची. पेन्शनर असाल तर हयातीचा दाखला वेळेत. तो चुकला की पेन्शन थांबते. दिल्यावर थकबाकीसह मिळते, पण मधले महिने औषधं उधारीवर.

पारावरचा: शेतात राबलेल्या बायांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून घेतात. त्याचं शिबिर नोव्हेंबरात ग्रामपंचायतीत भरवा; जागा, वीज आम्ही देऊ. बायकोच्या नोंदीबद्दल बोललो ते मागे घेतो. घरपट्टीबद्दलचं नाही.